देवीच्या स्तुतीची जन्मकथा

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घरोघरी घट बसतात. पत्रावळीवर किंवा परडीत काळी माती पसरून तीत धान्य पेरले जाते, मधोमध पाण्याचा कलश मांडला जातो, अखंड दीप लावला जातो आणि रोज एक याप्रमाणे फुलांची माळ घटावर चढते. सायंकाळी आरती होते. तीत देवीला महिषासुराचे मर्दन करणारी म्हणून हाक घातलेली असते. अनेक घरांत आणि मंदिरांत या नऊ दिवसांत सप्तशतीचा पाठही चालतो. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेल्या या पाठातील शब्द अनेकांच्या जिभेवर असतात. परंतु ही स्तुती प्रथम कोणी केली, कोणत्या संकटात केली आणि देवीजवळ नेमके काय मागितले, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. ही जन्मकथा समजून घेतली म्हणजे नित्याच्या प्रार्थनेला एक निराळाच अर्थ प्राप्त होतो.

ग्रंथाचे स्वरूप आणि काल

सप्तशती म्हणून जो ग्रंथ ओळखला जातो त्याचे मूळ नाव देवीमाहात्म्य. तो स्वतंत्र ग्रंथ नसून मार्कंडेय पुराणाचा एक भाग आहे. प्रचलित प्रतींत या पुराणाचे ८१ ते ९३ हे तेरा अध्याय म्हणजेच देवीमाहात्म्य होय. त्यात सातशे मंत्र मानले जातात. मात्र ही गणना पाठाच्या सोयीची आहे. कोण बोलत आहे हे सांगणारे छोटे वाक्यखंड आणि काही ठिकाणी अर्धे श्लोकही स्वतंत्र मंत्र म्हणून मोजले जातात. प्रत्यक्ष श्लोकांची संख्या सहाशेच्या आतच भरते. पाठापूर्वी म्हटली जाणारी कवच, अर्गला व कीलक ही स्तोत्रे आणि पाठानंतरची तीन रहस्ये ही परंपरेने ग्रंथाला जोडलेली अंगे असून मूळ तेरा अध्यायांत त्यांचा समावेश नाही.

या ग्रंथाची रचना इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास झाली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. त्याची ताडपत्रावरील एक हस्तलिखित प्रत नेपाळात सापडली असून तिचा काल इ. स. ९९८ हा आहे. राजस्थानातील दधिमती मातेच्या मंदिरात एक प्राचीन शिलालेख आहे. त्याच्या कालाविषयी विद्वानांत मतभेद असले तरी त्यात या ग्रंथातील एक श्लोक कोरलेला आहे, ही गोष्ट महत्त्वाची. म्हणजे हजार वर्षांहून अधिक काळापूर्वीच यातील स्तुती पोथीबाहेर पडून मंदिराच्या शिळेवर जाऊन पोहोचली होती. पुढील काळात या ग्रंथावर अनेक टीका झाल्या. भास्करराय यांची ‘गुप्तवती’ आणि काशीस वास्तव्य करणाऱ्या महाराष्ट्रीय पंडित नागोजी भट्ट यांची टीका या त्यांपैकी विशेष प्रसिद्ध आहेत.

दोन निराश्रितांचा प्रश्न

देवीमाहात्म्याचा प्रारंभ युद्धाने होत नाही, तर एका पराभवाने होतो. सुरथ नावाचा राजा प्रजेचे पुत्रवत् पालन करीत होता. कोलाविध्वंसी नावाच्या शत्रूंनी त्याचा पराभव केला. राजधानीत परतल्यावर त्याच्याच अमात्यांनी त्याचा कोश व सैन्य बळकावले. अखेर मृगयेचे निमित्त करून राजा एकटाच घोड्यावर बसून निबिड अरण्यात निघून गेला आणि मेधा ऋषींच्या आश्रमात राहिला. तेथेही त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. आपला हत्ती आता कोणाच्या ताब्यात असेल, कष्टाने साठविलेला कोश ते लोक उधळून टाकीत असतील, हीच चिंता त्याला जाळीत होती.

त्याच आश्रमाजवळ त्याला समाधी नावाचा एक वैश्य भेटला. धनाच्या लोभाने त्याच्या पत्नीने व पुत्रांनी त्याला घराबाहेर काढले होते. तरीही त्याच पुत्रांचे कुशल असेल की नाही, ते सन्मार्गाने वागत असतील की नाही, या विचाराने तो व्याकूळ झाला होता. ज्यांनी सर्वस्व हिरावून घेतले त्यांच्याविषयी एवढे ममत्व का वाटावे, असे राजाने त्याला विचारले. वैश्याने उत्तर दिले की, हे मलाही कळते, पण मन कठोर होत नाही.

हा प्रश्न घेऊन दोघेही मेधा ऋषींकडे गेले. आम्हांला ज्ञान असूनही मोह का होतो, हा तो प्रश्न होय. ऋषींनी त्यांना पक्ष्यांचे उदाहरण दिले. पक्षी स्वतः भुकेने व्याकूळ असले तरी चोचीतला कण पिलाच्या मुखात घालतात. मनुष्यही अपत्यांवर माया करतो, पण त्याच्या मनात परतफेडीची आशा असते. ज्ञान्यांचेही चित्त ओढून मोहात लोटणारी अशी एक शक्ती आहे, तीच महामाया. आणि प्रसन्न झाली असता मुक्ती देणारीही तीच. ही देवी कोण, ती कशी प्रकटली, असे राजाने विचारले आणि त्याच्या उत्तरादाखल ऋषींनी तीन चरित्रे सांगितली. या तीन चरित्रांत मिळून चार स्तुती येतात. सप्तशतीतील प्रार्थनेचा उगम असा दोन लुबाडल्या गेलेल्या माणसांच्या व्यथेत आहे, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

पहिली स्तुती : निद्रेला केलेली विनवणी

पहिल्या चरित्रात प्रलयकाळचे वर्णन आहे. सर्व विश्व जलमय झाले असून भगवान विष्णू शेषशय्येवर योगनिद्रेत मग्न आहेत. त्यांच्या कर्णमलातून मधु व कैटभ हे दोन दैत्य उत्पन्न होतात आणि नाभिकमलात बसलेल्या ब्रह्मदेवाला मारण्यास धावतात. ब्रह्मदेव विष्णूंना हाक मारीत नाही. विष्णूंच्या नेत्रांत वास करणाऱ्या निद्रेचीच तो स्तुती करतो. सृष्टीची उत्पत्ती, पालन व संहार करणारी तूच आहेस. महाविद्या तूच आणि महामोहही तूच. प्रत्यक्ष विष्णूला जिने निद्रेच्या अधीन केले तिची स्तुती करण्यास कोण समर्थ आहे, असा त्या स्तुतीचा भावार्थ आहे. देवी प्रसन्न होऊन विष्णूंच्या नेत्र, मुख, नासिका, बाहू, हृदय व वक्षःस्थल यांतून बाहेर पडते. विष्णू जागे होतात आणि पाच सहस्र वर्षे बाहुयुद्ध चालते. मदोन्मत्त दैत्य उलट विष्णूंनाच वर मागण्यास सांगतात आणि त्या वरामुळेच त्यांचा नाश होतो.

या स्तुतीतील मागणी सूक्ष्म आहे. येथे देवी शस्त्र हाती घेत नाही. ती केवळ दूर होते आणि रक्षणकर्ता जागा होतो. बळ होतेच, परंतु ते निद्रिस्त होते, असा या कथेचा संकेत आहे.

दुसरी स्तुती : सर्वांच्या तेजातून प्रकटलेली देवी

मध्यम चरित्र हे महिषासुराचे. शंभर वर्षांच्या युद्धात पराभूत होऊन देव स्वर्गातून हाकलले गेले आणि पृथ्वीवर भटकू लागले. त्यांनी विष्णू व शिव यांच्यापुढे आपली व्यथा मांडली, तेव्हा क्रोधाने सर्व देवांच्या शरीरांतून तेज बाहेर पडले आणि ते एकत्र होऊन त्याची एक स्त्री झाली. शिवाच्या तेजापासून तिचे मुख, विष्णूच्या तेजापासून बाहू, यमाच्या तेजापासून केश, अग्नीच्या तेजापासून तीन नेत्र, पृथ्वीच्या तेजापासून नितंब आणि ब्रह्मदेवाच्या तेजापासून पाय निर्माण झाले. शिवाने आपल्या शूलातून शूल काढून दिला, विष्णूने चक्र दिले, वरुणाने शंख व पाश, वायूने धनुष्य व बाणांनी भरलेले भाते, इंद्राने वज्र व घंटा, आणि हिमालयाने वाहनासाठी सिंह व विविध रत्ने अर्पण केली. एकेकट्या देवाला जे साधले नाही ते सर्वांचे तेज एके ठिकाणी आल्यावर साधले. हा कथाभाग शिल्पकारांना सर्वाधिक भावला. महाबलीपुरम् येथील सातव्या शतकातील गुहाशिल्पात आणि वेरूळच्या लेण्यांत महिषासुरमर्दिनीची भव्य शिल्पे आहेत.

महिषासुराच्या वधानंतर चौथ्या अध्यायात इंद्रादी देवांनी जी स्तुती केली ती ‘शक्रादिस्तुती’ या नावाने ओळखली जाते. ही कृतज्ञतेची स्तुती आहे. पुण्यवंतांच्या घरी लक्ष्मी, पापी जनांच्या घरी अलक्ष्मी, विवेकी जनांच्या हृदयात बुद्धी, सज्जनांची श्रद्धा आणि कुलवंतांची लज्जा ही सर्व तुझीच रूपे आहेत, असे देव म्हणतात. शत्रूंवरही देवीची करुणाच आहे, कारण शस्त्राच्या स्पर्शाने पवित्र होऊन तेही सद्गतीला जातात, असाही विचार त्यात आला आहे. देवीने वर मागण्यास सांगितले तेव्हा देवांनी मागितले की, आम्ही जेव्हा जेव्हा स्मरण करू तेव्हा तेव्हा तू आमच्या आपत्ती दूर कराव्यास. नवरात्रातील प्रत्येक प्रार्थना या एका वचनाच्या आधारावर उभी आहे, असे म्हटल्यास ते वावगे होणार नाही.

तिसरी स्तुती : प्राणिमात्रांत वसणारी

उत्तर चरित्रात शुंभ व निशुंभ या दैत्यबंधूंनी देवांचे अधिकार हिरावून घेतले. देवांना पूर्वीच्या वचनाची आठवण झाली आणि त्यांनी हिमालयावर जाऊन विष्णुमायेची स्तुती केली. सप्तशतीतील सर्वांत लोकप्रिय स्तुती ती हीच. पाचव्या अध्यायातील या स्तुतीत देवी सर्व प्राण्यांत कोणकोणत्या रूपाने राहते याची वीसेक नावे एकामागून एक येतात आणि प्रत्येक नावासरशी पुनःपुन्हा नमस्कार येतो.

ही नावे लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहेत. चेतना, बुद्धी, शक्ती, शांती, श्रद्धा, स्मृती, दया, तुष्टी आणि मातृत्व ही रूपे सहज पटतात. परंतु त्यांच्याच पंक्तीला निद्रा आहे, क्षुधा आहे, तृष्णा आहे आणि अखेरीस भ्रांतीही आहे. ज्यामुळे मनुष्य चुकतो तीही देवीचीच एक छाया मानून तिला नमस्कार केलेला आहे. सुरथ आणि समाधी यांना पडलेल्या प्रश्नाचे उत्तर या स्तुतीत दडलेले आहे. मोह हा परका शत्रू नाही; तो ओळखून त्याला वंदन करूनच ओलांडावा लागतो. तसेच जी देवी भुकेच्या रूपाने सर्व प्राण्यांत राहते तिच्या उपासकाला दुसऱ्याच्या भुकेकडे पाठ फिरविता येत नाही, हाही या स्तुतीचा सरळ निष्कर्ष होय.

स्तुती चालू असता पार्वती गंगास्नानासाठी तेथे येते आणि ही स्तुती कोणाची चालली आहे, असे देवांनाच विचारते. त्या वेळी तिच्या शरीरकोशातून एक तेजस्विनी प्रकट होऊन सांगते की, ही स्तुती माझी आहे. कोशातून आली म्हणून ती कौशिकी. पार्वतीचा वर्ण कृष्ण होऊन ती कालिका म्हणून प्रसिद्ध झाली.

पुढील प्रसंग आजही विचार करावा असा आहे. शुंभाचा दूत देवीकडे येऊन सांगतो की, त्रैलोक्यातील सर्व रत्ने आमच्या स्वामींकडे आहेत, तू स्त्रियांमधील रत्न आहेस, तेव्हा त्यांच्याकडे ये. हत्ती, घोडा, पारिजात यांच्या यादीत स्त्रीलाही बसविणारा हा निरोप आहे. देवी स्मित करून उत्तर देते की, जो मला युद्धात जिंकील आणि माझा गर्व हरण करील तोच माझा पती होईल, अशी माझी प्रतिज्ञा आहे. या एका नकारातून पुढचे सर्व युद्ध उद्भवते. धूम्रलोचन एका हुंकाराने भस्म होतो, चंड-मुंडांचा वध करून काली ‘चामुंडा’ हे नाव मिळविते, आणि ज्याच्या रक्ताच्या प्रत्येक थेंबातून नवा दैत्य उभा राहतो अशा रक्तबीजाचे रक्त भूमीवर पडू न देता त्याला संपविले जाते. शेवटी शुंभ हिणवतो की, तू दुसऱ्यांच्या बळावर लढत आहेस. तेव्हा देवी सर्व मातृकांना आपल्यात सामावून घेते आणि एकटीच त्याचा सामना करते.

चौथी स्तुती आणि देवीची वचने

शुंभाच्या वधानंतर अकराव्या अध्यायात अग्नीला पुढे करून देवांनी जी स्तुती केली ती ‘नारायणीस्तुती’ होय. मंगलप्रसंगी म्हटला जाणारा सर्वपरिचित श्लोक याच स्तुतीतील आहे. सर्व विद्या ही तुझीच रूपे आहेत आणि जगातील सर्व स्त्रियाही तुझीच रूपे आहेत, असा निःसंदिग्ध उद्गार या स्तुतीत देवांच्या मुखी आला आहे. हा उद्गार नवरात्राच्या नऊ दिवसांपुरता मर्यादित नाही. देव्हाऱ्यातील देवीची पूजा करून घरातील मुलीच्या शिक्षणाविषयी उदासीन राहणे किंवा सुनेचा छळ करणे हे या स्तुतीच्या दृष्टीने विसंगतच ठरते.

या स्तुतीवर प्रसन्न होऊन देवीने पुढील काळातील आपल्या अवतारांची वचने दिली. त्यांतील एक महाराष्ट्राच्या अंतःकरणाला विशेष भिडणारे आहे. शंभर वर्षे पाऊस पडणार नाही, पृथ्वीवर पाणी उरणार नाही, तेव्हा मी प्रकट होऊन शंभर नेत्रांनी ऋषींकडे पाहीन आणि पुन्हा वृष्टी होईपर्यंत स्वतःच्या देहातून उत्पन्न झालेल्या शाकभाज्यांनी सर्व लोकांचे पोषण करीन, असे ती सांगते. म्हणून ती शताक्षी आणि शाकंभरी. पौष महिन्यात शाकंभरी नवरात्र पाळले जाते आणि अनेक भाज्यांचा नैवेद्य दाखविला जातो. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. देवीचे सर्वांत मोठे शौर्य केवळ असुरवधात नसून भुकेल्यांना अन्न देण्यातही आहे, असेच पुराणकाराला सुचवावयाचे असावे.

महाराष्ट्रातील प्रतिध्वनी

सप्तशतीची कथा महाराष्ट्रात भूगोलाशी एकरूप झाली आहे. नाशिक जिल्ह्यातील सप्तशृंग गडावर कड्यात कोरलेली अठरा भुजांची देवी आहे. समोरच्या डोंगराला मार्कंडेयाचे नाव आहे. त्या डोंगरावर बसून मार्कंडेय ऋषींनी स्तुती म्हटली आणि ती ऐकण्यासाठी देवीने मान किंचित कलती केली, अशी श्रद्धा आहे. २०२२ साली मूर्तीवरील शेंदुराचे जाड थर काढून तिचे संवर्धन करण्यात आले, तेव्हा मूळ शिल्पाचे रेखीव रूप भाविकांना पाहावयास मिळाले. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती म्हाळुंग, गदा, ढाल व पानपात्र आहे. सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात महालक्ष्मीचे जे वर्णन येते त्याच्याशी हे रूप जुळते. तुळजापूरची भवानी महिषासुरमर्दिनीच्या रूपातच उभी आहे. तिची स्थानिक कथा मात्र निराळी आहे. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती हिला कुकुर दैत्याने त्रास दिला असता तिच्या हाकेसरशी देवी त्वरेने धावून आली, म्हणून ती त्वरिता, तुरजा आणि पुढे तुळजा झाली, असे सांगतात. गोमंतकातील कवळे येथील शांतादुर्गेची कथा आणखी वेगळी आहे. शिव आणि विष्णू यांच्यातील युद्ध तिने मध्यस्थी करून थांबविले, म्हणून ती शांता. हाक आणि धाव हे सूत्र तुळजापूरच्या कथेत राहिले. कवळ्याच्या कथेत त्याला शमनाची जोड मिळाली.

महाराष्ट्राबाहेरही या स्तुतीने नवी माध्यमे आपलीशी केली. बंगालमध्ये महालयेच्या पहाटे नभोवाणीवरून ‘महिषासुरमर्दिनी’ हा कार्यक्रम ऐकण्याची प्रथा १९३१ पासूनची आहे. वीरेंद्रकृष्ण भद्र यांच्या आवाजातील चंडीपाठ तेथे दुर्गापूजेच्या आगमनाची खूणच होऊन बसला.

संस्कृत न जाणणाऱ्या बहुजनांपर्यंत देवीची स्तुती पोहोचविण्याचे कार्य महाराष्ट्रात गोंधळी, भुत्ये आणि आराधी यांनी केले. संबळाच्या तालावर त्यांनी देवीची आख्याने गावोगाव नेली. सोळाव्या शतकात संत एकनाथांनी लोकांच्या ओठांवरचा जोगवाच हाती घेतला आणि त्यात महिषासुराला मोहाचे रूप दिले. परडीत धान्याऐवजी बोधाची भिक्षा मागितली. नाथांनी ही नवी कल्पना वरून लादलेली नाही. मेधा ऋषींच्या आश्रमात विचारलेला प्रश्न मोहाचाच होता. नाथांनी प्रार्थनेला तिच्या मूळ उगमाकडे नेऊन पोहोचविले.

काय मागावे?

कथेचा शेवट पुन्हा त्याच दोन निराश्रितांपाशी येतो. ऋषींचे निरूपण ऐकून सुरथ व समाधी नदीच्या वाळवंटी गेले. त्यांनी देवीची मातीची मूर्ती केली आणि तीन वर्षे तप केले. देवी प्रसन्न झाली आणि तिने दोघांनाही इच्छा विचारली. राजाने गेलेले राज्य मागितले आणि पुढील जन्मीही अढळ राज्य मागितले. त्याला दोन्ही मिळाले. पुढील जन्मी तो सावर्णी नावाचा आठवा मनू झाला. वैश्याने मात्र घर, धन किंवा पुत्र यांपैकी काहीही मागितले नाही. ‘मी’ आणि ‘माझे’ ही आसक्ती नष्ट करणारे ज्ञान तेवढे त्याने मागितले, आणि तेही त्याला मिळाले.

पुराणकाराने एकाची स्तुती आणि दुसऱ्याची निंदा केलेली नाही. राज्य सांभाळणाऱ्याला राज्य हवे आणि मनाने थकलेल्याला शांती हवी, हे त्याने जाणले आहे. परंतु एकाच मूर्तीसमोर, एकाच स्तुतीने, दोन माणसांनी दोन वेगळ्या गोष्टी मागितल्या आणि ज्याने जे मागितले ते त्याला लाभले, ही गोष्ट त्याने मुद्दाम नोंदवून ठेवली. घटातील मातीत पेरलेले धान्य नवव्या दिवशी हिरवेगार उगवून येते. जे पेरले असेल तेच उगवते. दसऱ्याच्या दिवशी ते अंकुर डोक्यावर धारण करताना वर्षभर कशाची कामना केली आणि ती करताना शेजारच्या भुकेची, घरातील मुलीची आणि स्वतःच्या मोहाची आठवण ठेवली की नाही, याचाही हिशेब उपासकाने मनाशी करावा, एवढीच या प्राचीन स्तुतीची अपेक्षा आहे.